गिटारचे पेडल बंद पडले तर...

इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज श्रोत्यांच्या कानी पडतो, त्यात वादकाच्या बोटांइतकाच वाटा त्याच्या पायाशी मांडलेल्या छोट्या धातूच्या पेट्यांचा असतो. या पेट्यांना ‘इफेक्ट्‌स पेडल’ म्हणतात. गिटारमधून निघालेला विद्युत-संदेश ॲम्प्लिफायरकडे जाताना या पेट्यांतून जातो. कुठे त्याला फाटका, करकरीत पोत मिळतो (डिस्टॉर्शन), कुठे प्रतिध्वनी जोडला जातो (डिले), तर कुठे एकाच स्वराचे अनेक स्वर झाल्याचा भास निर्माण होतो (कोरस). महाविद्यालयीन बँडपासून व्यावसायिक ऑर्केस्ट्रापर्यंत आणि गणेशोत्सवाच्या मंडपापासून ध्वनिमुद्रण स्टुडिओपर्यंत सर्वत्र ही उपकरणे आज रुळली आहेत.

या पेट्या एकामागोमाग एक, साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साहजिकच त्यातील एक बंद पडली की केवळ तो परिणामच जात नाही, तर पुष्कळदा संपूर्ण गिटारच मुकी होते. कार्यक्रमावर पोट असलेल्या वादकाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. त्यातच चांगल्या परदेशी पेडलची किंमत हजारोंच्या घरात असते. त्यामुळे ‘पेडल उडाले’ असे समजून ते माळ्यावर टाकणारे किंवा कर्ज काढून नवे घेणारे वादक कमी नाहीत. वास्तविक, बंद पडलेल्या पेडलमधील मुख्य मंडल अनेकदा शाबूत असते. दोष असतो तो ॲडाप्टरमध्ये, केबलमध्ये, जॅकमध्ये किंवा पायाने दाबायच्या स्विचमध्ये. आणि तो दूर करण्याचा खर्च नव्या पेडलच्या तुलनेत नगण्य असतो. गरज असते ती बाहेरून आत, अशा क्रमाने शांतपणे तपासणी करण्याची. हा क्रम कसा असावा, याची ही माहिती. उदाहरणादाखल ९ व्होल्टवर चालणारे ओव्हरड्राइव्ह वा डिस्टॉर्शन प्रकारचे साधे ॲनालॉग पेडल येथे गृहीत धरले आहे.

बिघाडातून जन्मलेले उपकरण

गंमत अशी, की या उपकरणाच्या इतिहासाची सुरुवातच एका बिघाडाने झाली. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज फाटून घुमू लागला. तो आवाज तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये हे गाणे लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तसाच आवाज मुद्दाम निर्माण करणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्‌स यांनी ते वापरले आणि ‘फझ’ घरोघरी पोहोचला. पुढे १९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने आटोपशीर आकाराच्या पेडलची मालिका सुरू केली. आयबानेझचे ‘ट्यूब स्क्रीमर’ही त्याच दशकाच्या अखेरीचे. त्या काळातील अनेक पेडल आजही वापरात आहेत. याचा अर्थ, नीट राखले आणि वेळीच दुरुस्त केले, तर हे उपकरण माणसाला आयुष्यभर साथ देऊ शकते.

पहिली पायरी : साखळी तोडा

तपासणीचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन केबल, ॲडाप्टर आणि बॅटरी एकदम बदलली आणि आवाज आला, तर दोष नेमका कशात होता हे कळत नाही. आणि तो दोष पुढच्या कार्यक्रमात पुन्हा उभा राहतो.

आधी सर्व पेडल बाजूला ठेवून गिटार थेट ॲम्प्लिफायरला जोडावी. आवाज आला नाही, तर पेडलला दोष देण्याचे कारण नाही. गिटार, केबल किंवा ॲम्प्लिफायर यांकडे पाहावे. आवाज स्वच्छ आला, तर मधे एकच पेडल घालून पाहावे. असे करत एकेक पेडल जोडत गेले, की दोषी पेडल किंवा दोन पेडलांमधील दोषी केबल आपोआप उघडी पडते.

रंगमंचावर असताना मात्र कारण शोधत बसू नये. ज्या पेडलवर संशय आहे ते साखळीतून काढावे, मागचे व पुढचे पेडल एका केबलने थेट जोडावे आणि कार्यक्रम पुढे न्यावा. त्यासाठी एक-दोन जादा केबल, एक नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि एक लांब गिटार केबल पिशवीत असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

वीज : सर्वांत पहिला संशयित

पेडलवरचा दिवा लागत नसेल, तर प्रथम वीजपुरवठा तपासावा. नव्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीचा दाब सुमारे साडेनऊ व्होल्ट भरतो. तो साडेसातच्या खाली गेला, की आवाज बारीक होणे, तुटक येणे असे प्रकार सुरू होतात. बॅटरी मोकळी ठेवून मोजली तर आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून ती पेडलला जोडलेली व पेडल चालू असतानाच मोजावी.

बॅटरी अकाली संपण्याचे एक कारण अनेकांना माहीत नसते. बहुतेक पेडलना वेगळा चालू-बंद खटका नसतो. ते काम ‘इनपुट’ जॅक करतो. या जॅकमध्ये तीन संपर्क असतात आणि गिटारची साधी पिन आत गेली, की त्यातील दोन जोडले जाऊन बॅटरीचे मंडल पूर्ण होते. म्हणजेच, केबल रात्रभर तशीच राहिली, तर पायाचा स्विच बंद असूनही बॅटरी झिजत राहते. साधे ओव्हरड्राइव्ह पेडल पाच ते दहा मिलिअँपिअर इतकाच प्रवाह घेते. ९ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर ते पन्नास-साठ तास चालू शकते. डिजिटल पेडलची भूक मात्र शंभर मिलिअँपिअर वा त्याहून अधिक असते. अशा पेडलमध्ये तीच बॅटरी काही तासच टिकते.

पेडल ॲडाप्टरवर चालत असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्होल्टेज. पेडलवर ९ व्होल्ट लिहिले असेल, तर ९ व्होल्टच द्यावेत. दुसरी, वीज एकदिश (डीसी) आहे की प्रत्यावर्ती (एसी). काही पेडलना ९ व्होल्ट ‘एसी’ लागते. तो ॲडाप्टर चुकून साध्या पेडलला लावल्यास हानी होऊ शकते. तिसरी, ध्रुवता. घरातील बहुतांश ॲडाप्टरच्या पिनमध्ये मधला भाग धन असतो, तर गिटार पेडलमध्ये प्रचलित पद्धत नेमकी उलट, म्हणजे मधला भाग ऋण अशी आहे. वाय-फाय राउटरचा किंवा खेळण्याचा ॲडाप्टर ‘पिन बसते’ म्हणून लावणे हे पेडल जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही फझ पेडलची धाटणी याहूनही निराळी असते. म्हणून पेडलवर छापलेली खूण पाहिल्याशिवाय ॲडाप्टर लावूच नये. चौथी गोष्ट प्रवाहाची. ॲडाप्टरची प्रवाहक्षमता सर्व पेडलच्या एकत्रित गरजेहून जास्त असावी. ती कितीही जास्त असली, तरी पेडल आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. जास्त व्होल्टेज घातक असते, जास्त प्रवाहक्षमता नव्हे.

उलटी वीज गेलीच, तर सर्व संपले असे मानू नये. अनेक पेडलमध्ये वीज आत येते त्या ठिकाणी एक संरक्षक डायोड बसविलेला असतो. उलटी वीज येताच तो स्वतः ‘शॉर्ट’ होतो आणि पुढचे मंडल वाचवितो. त्यानंतर पेडल पूर्ण मृत वाटते. परंतु काही रुपयांचा तो डायोड बदलताच ते पुन्हा सुरू होण्याची चांगली शक्यता असते.

केबल आणि जॅक

केबल हलविल्यावर आवाज येतो-जातो, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची. केबलमध्ये तार तुटते ती बहुधा पिनपाशी, जिथे वारंवार मोड पडते तिथे. दुसरी चांगली केबल लावून फरक पडला, तर प्रश्न तेथेच मिटतो.

केबल चांगली असूनही खरखर राहिली, तर जॅक तपासावा. जॅकचा बाहेरचा नट ढिला झाला, की जॅक फिरू लागतो आणि आतील तारांवर ताण येतो. नट वेळीच आवळला तर पुढचा खर्च टळतो. आवळताना आतील जॅक फिरणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी. जॅकमधील स्प्रिंगची पट्टी सैल झाली असेल, तर ती हलक्या हाताने आत वाकविता येते. मुंबई, कोकण, गोवा या खाऱ्या व दमट हवेच्या पट्ट्यात पिनेवर व जॅकमध्ये ऑक्साइडचा थर लवकर चढतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ पिनेवर मारून ती जॅकमध्ये आठ-दहा वेळा आतबाहेर करावी. वीजप्रवाह बंद असतानाच हे करावे. दाराच्या बिजागऱ्यांसाठी वापरले जाणारे तेलकट फवारे येथे उपयोगाचे नाहीत. ते चिकट थर मागे ठेवतात आणि धूळ धरतात.

ॲडाप्टरवर पेडल चालते पण बॅटरीवर चालत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरीची टोपी (स्नॅप), तिच्या बारीक तारा किंवा इनपुट जॅकचा तिसरा संपर्क यांपैकी एकात दोष असतो.

पायाचा स्विच आणि नॉब

पेडलमध्ये सर्वाधिक मार खातो तो पायाचा स्विच. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात तो मजबूत, ‘खट्‌’ असा आवाज करणारा असतो आणि गिटारचा संदेश प्रत्यक्ष त्यातूनच वळविला जातो. नऊ पायांच्या या स्विचला बाजारात ‘थ्रीपीडीटी’ म्हणतात आणि अशा पेडलना ‘ट्रू बायपास’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पायाखालचा स्विच केवळ क्षणिक सूचना देतो आणि प्रत्यक्ष बदल आतील ट्रान्झिस्टर करतात.

हा फरक निदानासाठी महत्त्वाचा आहे. ‘ट्रू बायपास’ पेडलला वीज नसली, तरी परिणाम बंद असताना गिटारचा मूळ आवाज पुढे जातो. दुसऱ्या प्रकारात वीज नसेल, तर मूळ आवाजही जात नाही. ‘ट्रू बायपास’ पेडलमध्ये एकदा दाबून काही होत नाही, दोनदा-तीनदा दाबल्यावर लागते, किंवा दिवा लागतो पण परिणाम येत नाही, अशी लक्षणे दिसली तर स्विच झिजलेला समजावा. तो उघडून दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच योग्य.

नॉब फिरविताना होणारी खरखर ही त्याखालच्या पोटेन्शिओमीटरमधील (‘पॉट’मधील) धुळीमुळे होते. त्याच्या कडेच्या फटीतून थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावा. तरीही खरखर कायम राहिली, तर पॉट झिजलेला असतो किंवा शेजारचा कपॅसिटर गळका होऊन त्यातून एकदिश वीज पॉटवर येत असते. पॉट बदलताना त्यावरील अक्षर व आकडा पाहून तसाच घ्यावा. ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर, अशी आज प्रचलित खूण आहे. चुकीचा प्रकार बसविल्यास सारा आवाज नॉबच्या एका टोकाला गोळा होतो.

लक्षणे आणि संभाव्य कारणे

* दिवा नाही, परिणाम नाही, पण मूळ आवाज जातो : बॅटरी, ॲडाप्टर, वीज-जॅक किंवा संरक्षक डायोड.
* दिवा लागतो, मूळ आवाज जातो, परिणाम चालू करताच शांतता : व्हॉल्यूम वा ‘लेव्हल’चा नॉब शून्यावर आहे का ते आधी पाहावे, नंतर स्विच, सुटलेला सांधा किंवा आयसी.
* परिणाम येतो, पण दिवा लागत नाही : दिवा (एलईडी), त्याची तार किंवा स्विचचा तिसरा भाग. आवाजाला धोका नाही.
* कोणत्याच स्थितीत आवाज नाही : केबल, जॅक किंवा स्विच. इनपुट व आउटपुट यांची अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहावे. पुष्कळ पेडलमध्ये इनपुट उजवीकडे असते आणि घाईत ही चूक सहज होते.
* पेडलला टिचकी मारल्यावर आवाज येतो-जातो : आतील सोल्डरचा (डाखाचा) सांधा निसटलेला.
* आवाज तुटक, घुसमटल्यासारखा : उतरलेली बॅटरी किंवा मंडलातील आधार-व्होल्टेज बिघडलेले.
* सतत गुणगुण किंवा शीळ : वीजपुरवठा किंवा अर्थिंग. याविषयी पुढे.

पेडल उघडण्यापूर्वी

पेडल वॉरंटीत असेल, तर ते उघडू नये. वॉरंटीबाहेरचे, बॅटरीवर वा ९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालणारे पेडल उघडण्यात जिवाला धोका नसतो. मात्र ज्या उपकरणाची तार थेट भिंतीतील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये जाते, ते जाणकाराशिवाय कोणीही उघडू नये. काही जुन्या पेडलमध्ये ट्रान्सफॉर्मर आतच असतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर तार काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक व्होल्टेज साठून राहू शकते.

उघडण्यापूर्वी ॲडाप्टर व बॅटरी काढावी. मागचे स्क्रू बशीत ठेवावेत आणि आतील तारांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कोणती तार कोठे होती, हा प्रश्न नंतर पडतोच. मग चांगल्या उजेडात पाहणी करावी. निसटलेली तार, फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला भाग, बॅटरी गळून साचलेला पांढरा-हिरवा थर या गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अल्कलाइन बॅटरीचा थर पुसण्यासाठी कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यावा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून पूर्ण वाळू द्यावा.

चांगला सांधा गुळगुळीत व पसरट, तर कच्चा सांधा गोळ्यासारखा किंवा कडेने तडा गेलेला दिसतो. जॅक, पॉट आणि स्विच यांच्या पायांवर दर वेळी ताण येत असल्याने तडे बहुधा तेथेच जातात. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंद उष्णता देऊन, किंचित नवे सोल्डर घालून असा सांधा पक्का करता येतो. जास्त वेळ उष्णता दिल्यास स्विचमधील प्लास्टिक वितळते आणि सर्किट बोर्डावरील तांब्याची पट्टी सुटते. ज्याने सोल्डरिंग कधी केलेले नाही, त्याने पहिला प्रयोग आवडत्या पेडलवर करू नये.

मल्टिमीटर काय सांगतो?

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर वादकाच्या घरी असायला हरकत नाही. ॲडाप्टर तपासताना लाल टोक पिनेच्या मधल्या भोकात व काळे टोक बाहेरील भागावर ठेवावे. मीटरवर ‘उणे ९’च्या आसपास आकडा आला, तर ॲडाप्टर गिटार पेडलच्या प्रचलित पद्धतीचा आहे. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मर ॲडाप्टरवर ९ लिहिलेले असूनही भार नसताना १२-१३ व्होल्ट दिसू शकतात. असे ॲडाप्टर पेडलसाठी टाळावेत.

मीटरच्या ‘बीप’ देणाऱ्या स्थितीत केबलची दोन्ही टोके, स्विचचे संपर्क आणि जॅक तपासता येतात. वीज-जॅकच्या दोन संपर्कांवर, वीज जोडलेली नसताना, सलग ‘बीप’ आला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि पहिला संशय संरक्षक डायोडवर घ्यावा.

ट्यूब स्क्रीमर धाटणीच्या पेडलमध्ये ४५५८ क्रमांकाची आठ पायांची आयसी असते. पेडल चालू ठेवून व्होल्टेज मोजल्यास आठव्या पायावर जवळजवळ बॅटरीइतके, चौथ्यावर शून्य आणि उरलेल्या पायांवर सुमारे साडेचार व्होल्ट दिसायला हवेत. आठव्या पायावर काहीच नसेल, तर वीज तेथवर पोहोचत नाही. आठवा पाय योग्य, पण बाकीच्या पायांवर साडेचार व्होल्ट कुठेच नसतील, तर ते तयार करणारे दोन रेझिस्टर व त्यांच्यालगतचा कपॅसिटर तपासावा. हे सर्व योग्य, तरीही एखादा पाय शून्यावर वा नऊवर अडकलेला असेल, तर आयसी गेल्याची शक्यता मोठी. ती बदलताना तिच्यावरील खाच पूर्वीच्याच दिशेला राहील, हे पाहावे.

गिटारचा संदेश नेमका कुठे हरवतो, हे शोधण्याची कारागिरांची एक जुनी युक्ती आहे. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा, केबलचे वेष्टन पेडलच्या ‘ग्राउंड’ला जोडायचे आणि कपॅसिटरचे दुसरे टोक मंडलात एकेका ठिकाणी टेकवत जायचे. जिथपर्यंत आवाज ऐकू येतो तिथपर्यंत मंडल ठीक. जिथे तो थांबतो, त्याच्या अलीकडे दोष. हे करताना ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवावा.

डिजिटल पेडल व प्रोसेसर

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतात, त्या डिजिटल पेडलची गोष्ट निराळी आहे. त्यातील सुटे भाग अत्यंत सूक्ष्म असून ते घरी बदलणे शक्य नसते. मात्र तेथेही प्रथम वीजच तपासावी. प्रवाह कमी पडला, की ही उपकरणे पुन्हापुन्हा सुरू होतात, अडकतात किंवा पडद्यावर विचित्र अक्षरे दाखवितात. वीज योग्य असूनही तसेच होत असेल, तर माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ‘फॅक्टरी रीसेट’ करावा. त्याने साठवलेले सर्व आवाज पुसले जातात. म्हणून शक्य असल्यास ते आधी संगणकावर उतरवून घ्यावेत. फर्मवेअर अद्ययावत करताना मध्येच वीज गेली, तर उपकरण निकामी होऊ शकते. वीज खंडित होण्याची शक्यता असलेल्या वेळी हे काम हाती घेऊ नये.

गुणगुण आणि अर्थिंगचा प्रश्न

पेडल ठीक असूनही सतत गुणगुण येते, तेव्हा दोष बहुधा वीजजोडणीत असतो. एकाच ॲडाप्टरला अनेक तोंडे फोडून सर्व पेडल चालविल्यास डिजिटल पेडलमधील बारीक शीळ डिस्टॉर्शन पेडलमध्ये शिरते आणि तेथे ती मोठी होते. डिजिटल पेडलला स्वतंत्र ॲडाप्टर दिला किंवा प्रत्येक पेडलसाठी विलग पुरवठा असलेला पॉवर सप्लाय वापरला, तर हा त्रास जातो. एकेक पेडल बॅटरीवर चालवून पाहणे, ही याची सोपी परीक्षा होय. बॅटरीवर गुणगुण थांबली, तर दोष ॲडाप्टरचा.

मंडपात किंवा तात्पुरत्या रंगमंचावर अर्थिंगची तार जोडलेलीच नसण्याचा धोका असतो. गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ही काही जण करतात. तो जिवावर बेतणारा आहे. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायर किंवा माइकच्या यंत्रणेत दोष असेल, तर वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना वीज त्याच्या शरीरातून वाहू शकते. ब्रिटनमधील ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा १९७२ मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावरच माइकला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. माइक किंवा तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वादन तत्काळ थांबवावे आणि अर्थिंग तपासून मिळेपर्यंत पुन्हा सुरू करू नये.

दुरुस्ती की नवे पेडल?

जॅक, स्विच, पॉट, डायोड, बॅटरीची टोपी हे भाग स्वस्त आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या बाजारपेठा आहेत. बदलायचा भाग सोबत नेल्यास तंतोतंत जुळणारा भाग शोधणे सोपे जाते. एरवी रेडिओ वा ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा अनुभवी कारागीरही साधे ॲनालॉग पेडल दुरुस्त करू शकतो. त्याला केवळ ‘चालत नाही’ असे न सांगता वर दिलेल्या लक्षणांप्रमाणे नेमकी तक्रार, वापरलेला ॲडाप्टर आणि दोष कधीपासून आहे हे लिहून द्यावे. त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.

दुरुस्तीचा अंदाज पेडलच्या सध्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नव्याचा विचार व्यवहार्य ठरतो. जुन्या, आता न बनणाऱ्या पेडलला मात्र हा हिशेब लावू नये. त्यांचे मूळ भाग बदलले असतील, तर तेही कारागिराकडून मागून जपून ठेवावेत.

नवे पेडल सदोष निघाल्यास

नवे पेडल पहिल्याच आठवड्यात बिघडले, तर ते उघडण्याचा मोह टाळावा. बिल, वॉरंटी कार्ड, खोके आणि दोष दाखविणारी छोटी चित्रफीत जवळ ठेवून विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. ऑनलाइन मागविलेली सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, अशी तरतूद २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ‘मी पेडल कार्यक्रमांसाठी घेतले, म्हणजे ते व्यावसायिक झाले, मग मी ग्राहक ठरतो का?’ अशी शंका वादकांना येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. त्यामुळे पोटासाठी वाजविणाऱ्या वादकालाही या कायद्याचे संरक्षण मिळू शकते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही.

निगा राखा, बिघाड टाळा

पेडल आठवडाभर वापरायचे नसेल, तर बॅटरी काढून ठेवावी. वादन संपताच इनपुटमधील केबल काढण्याची सवय लावावी. केबल ओढताना तारेला न धरता पिनेला धरावे. पावसाळ्यात पेडल बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. प्रवासात नॉब व स्विचवर दाब येणार नाही, अशा रीतीने ते बांधावे. प्रत्येक ॲडाप्टरवर तो कोणत्या पेडलचा आहे, याची चिठ्ठी चिकटवावी. घाईत होणारी सर्वांत महागडी चूक त्याने टळते. जुने पेडल विकत घेताना स्वतःची केबल व नवी बॅटरी सोबत न्यावी, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून आणि स्विच वीस वेळा दाबून पाहावा, शक्य असल्यास मागचे झाकण उघडून गंज व नव्या सोल्डरच्या खुणा तपासाव्यात.

एवढे करूनही पेडल बंद पडलेच, तर क्रम लक्षात ठेवावा : आधी वीज, मग केबल, मग जॅक, त्यानंतर स्विच व नॉब आणि अगदी शेवटी आतील मंडल. या क्रमाने गेल्यास पुष्कळ पेडल पहिल्या तीन पायऱ्यांतच पुन्हा बोलू लागतात आणि नव्या पेडलसाठी बाजूला काढलेले पैसे खिशातच राहतात.